ब्रेक परक्याच्या हातात

माझ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि ते माझ्या ओळखीचे नव्हते.

आमच्या गल्लीतले सगळे पाय मला पाठ आहेत. दिवसभर जमिनीवर बसून गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या बाईला माणूस आधी पायांनीच भेटतो. हे बूट जाड तळव्याचे, घोट्याच्या वर चढलेले, नाड्या नीट बांधलेल्या. नाड्या इतक्या नीट बांधणारा माणूस गल्लीत एकही नाही. मी हातातलं दाभण सावरलं आणि एका बुटाला लाथ घातली.

"ए! कोण रे तू? बाहेर नीघ!"

"आलो… एक मिनिट—"

"मिनिट गेलं खड्ड्यात. आधी बाहेर!"

तो सरपटत बाहेर आला. बोटांना चिकटपट्ट्या, कानाला ग्रीस, आणि चेहऱ्यावर भीतीचा पत्ता नाही. ते मला मुळीच आवडलं नाही. दुसऱ्याच्या गाडीखाली सापडलेल्या माणसाने निदान थोडं घाबरावं!

"मी तुमचा ब्रेकवाला," तो म्हणाला.

"माझा कोण?"

"सकाळी चिठ्ठ्या निघाल्या ना. तुम्ही कामात होतात, म्हणून पंक्चरवाल्या वहिनींनी तुमच्या वतीने उचलली. माझं नाव निघालं."

आता मी त्याला ओळखलं. कोपऱ्यावर गाड्यांच्या काचा बसवायचं नवीन दुकान निघालं होतं, त्याचा मालक. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्याला आम्ही सगळे 'आवाज' म्हणतो त्या सायलेन्सरवाल्याचा शर्यतीतला जोडीदार!

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर माझा राग तुम्हाला उगाच वाटेल.

आमची गल्ली म्हणजे गाड्यांचं इस्पितळ. कोणी सायलेन्सर जोडतो, कोणी रंग मारतो, कोणी पंक्चर काढतो. वर्षातून एकदा आम्ही सगळे दोस्त सारखे पैसे काढून एका जुन्या हेल्मेटमध्ये टाकतो, भंगारातून बिनइंजिनाच्या गाड्या बनवतो आणि पाण्याच्या टाकीपासून खालपर्यंत उतारावरून सोडतो. जो पहिला खाली पोचेल, हेल्मेट त्याचं. ऐकायला सोपं आहे. पण एका वर्षी रंगाऱ्याने वेग मिळावा म्हणून ब्रेकच बसवला नाही, आणि तो थेट न्हाव्याच्या दुकानात, दाढी करून घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाऊन बसला. तेव्हापासून पंक्चरवाल्या वहिनींनी नियम केला. हँडल गाडीच्या मालकाच्या हातात, आणि ब्रेक मागे बसलेल्या परक्याच्या हातात. परका म्हणजे दुसऱ्या गाडीचा माणूस. त्याने गरज नसताना ब्रेक ओढला, तर त्याची स्वतःची गाडीसुद्धा बाद. शर्यत संपली की वहिनी विचारणार, "ब्रेक शाबूत होता?" आणि ब्रेकवाल्याने सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. ब्रेक नसेल तर गाडी बाद, हेल्मेट दुसऱ्याचं.

नियम चांगला आहे. फक्त त्यामुळे आम्ही जिवाभावाचे दोस्त त्या आठवड्यात एकमेकांच्या हातचं पाणीही वास घेऊन पितो.

आणि यंदा हेल्मेट मला हवं होतं. गंमत म्हणून नाही. मी मामाच्या दुकानात शिवते. गिऱ्हाईक म्हणतं, काय हात आहे हो पोरीचा! मामा म्हणतो, घरचीच आहे. पगार मागितला तरी तेच, घरचीच आहेस. घरच्या माणसाला फुकट राबवायला हे एवढं गोड वाक्य कोणी शोधून काढलं, त्याला एकदा भेटायचंय मला. बाजारामागे चपला शिवणाऱ्या काकी म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि आपली चामडं शिवायची मशीन विकत होत्या. ती मशीन हाती आली की मामाला रामराम. काकींनी सांगितलं होतं, "रविवार संध्याकाळपर्यंत तुझी वाट बघते पोरी. मग दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." शर्यत रविवारीच होती.

आणि माझा ब्रेक आवाजच्या जोडीदाराच्या हातात.

"सरावाला कधी येऊ?" काचवाल्याने विचारलं.

"येऊच नकोस."

"मग कळणार कसं, ब्रेक किती ओढायचा ते?"

"तू ओढणारच नाहीयेस. ओढलास तर हे दाभण बघून ठेव."

त्याने दाभण खरंच नीट बघितलं. मग म्हणाला, "टोक बोथट झालंय. धार लावून देऊ?"

मी त्याला हाकललं.

पण नियमाप्रमाणे सराव करावाच लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक छोटा आरसा घेऊन आला आणि माझ्या हँडलच्या बाजूला बसवायला लागला.

"हे काय?"

"मागे बसल्यावर मला रस्ता दिसत नाही. तुमची पाठ दिसते."

"माझ्या पाठीत काही वाईट आहे?"

"नाही… पाठ छान आहे. पण रस्ता नाही ना दिसत तिच्यातून."

हसू येत होतं. ते मी दाबलं. आरसा म्हणजे ऊन डोळ्यात मारायची सोय, हे मला लगेच कळलं होतं. मी तो काढून उन्हात धरला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला. तो शांतपणे बघत होता. काचेचं काम करणारी माणसं सगळंच हळू करतात की काय कोण जाणे! तो दार लावायचा तरी आवाज यायचा नाही. आणि बिनआवाजाच्या माणसांवर मी विश्वास ठेवत नाही. आवाजचं निदान बरं, त्याच्या मनात पाप आलं की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

आम्ही दोनदा खाली आलो. दुसऱ्यांदा उतरल्यावर तो म्हणाला, "एक विचारू? रागावणार नसाल तर."

"रागावणार."

"बरं, तरी विचारतो. वखारीच्या वळणावर तुम्ही डोळे का मिटता?"

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी त्या वळणावर डोळे मिटून, मनातल्या मनात देवाला शिव्या घालत हँडल वळवते आणि बाहेर येते. पोरं म्हणतात, काय निडर बाई आहे!

"कोणी सांगितलं तुला?"

"आरशात दिसलात."

"म्हणजे रस्ता बघत नव्हतास तर!"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल. मी मनात नोंद केली. हा आता माझी कमजोरी आवाजला जाऊन सांगणार. दुसरा कोणताही अर्थ मला सुचला नाही, असं नाही. सुचला होता. मी तो बाहेर उभा केला.

त्याच दुपारी भलत्याच वेळी पाऊस आला. मी मामासाठी रेक्झिनची गुंडाळी आणायला गेले होते. परतताना रस्त्यात हा डोक्यावर गाडीची पुढची मोठी काच धरून उभा. दोन्ही हात वर, हलता येत नाही.

"या आत," तो म्हणाला.

"कशाच्या आत?"

"काचेच्या खाली. रेक्झिन भिजेल."

रेक्झिन भिजून काही बिघडत नाही. हे त्यालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मी गेले. डोक्यावर वाकडी काच, तिच्यावर पाऊस पडतोय आणि आपण खालून बघतोय… थेंब फुटतात, पसरतात, ओघळतात, आणि एकही अंगावर येत नाही. त्याचे हात थरथरत होते. काच जड असते.

"खाली ठेव की ती."

"ठेवली तर तुम्ही जाल."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो वर बघत होता, पावसाकडे. ही माणसाला भुलवायची जुनी तऱ्हा आहे, मी स्वतःला बजावलं. आवाजने शिकवून पाठवलंय. पण आवाजला एवढं सुचेल? त्याला तर बायकोचा वाढदिवस आठवत नाही.

"आवाजने काय देऊ केलंय तुला?" मी सरळ विचारलं.

"चहा. तोही माझ्याच पैशाने."

"खरं सांग."

"तुम्हाला खरं सांगून काही उपयोग आहे का? तुम्ही उसवूनच बघणार."

"हो, बघणार! शिवण बघायची तर उसवूनच बघावी लागते."

"आणि मग उसवलेल्याचं काय करता?"

पाऊस थांबला. मी गुंडाळी उचलली आणि मागे न बघता निघाले. मागे बघायचं नाही यासाठी जी ताकद लागली, तेवढ्यात दोन सीटा शिवून झाल्या असत्या.

शनिवारी संध्याकाळी माझा संशय खरा ठरला. मी सायलेन्सरच्या दुकानासमोरून जात होते. आत आवाज त्याच्या नेहमीच्या पट्टीत, म्हणजे दोन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा पट्टीत कुजबुजत होता.

"वळणावर, कळलं का? वखारीच्या वळणावर! जरासाच ओढ. वहिनींना सांगू, गरज होती म्हणून. वळणावर कोणाला कळतंय, गरज आहे का नाही ते!"

आणि काचवाल्याने मान हलवली. होकारार्थी. माझ्या डोळ्यांदेखत.

बास. मला आत काहीतरी चावलं, ते काय होतं याचा विचार करायला मी थांबले नाही. पावसातली ती काच, ते थरथरणारे हात, "ठेवली तर तुम्ही जाल"… सगळं नाटक! आणि मी गाढव, दोन रात्री त्या नाटकाचा पडदा मनात पुन्हा पुन्हा वर करत होते.

मी शेडमध्ये गेले. ब्रेकच्या दांड्यापासून चाकापर्यंत एक तार जाते, तिच्या टोकाला हूक. मी तो हूक काढला आणि तार आतल्या बाजूला सुतळीने बांधून टाकली. वरून दांडा जसाच्या तसा. ओढ म्हणावं आता, हवा तेवढा ओढ. आणि वहिनींसमोर तोंड उघडायचं, तर आधी आपण ओढला हे त्यालाच कबूल करावं लागेल.

रविवारी टाकीपाशी ही गर्दी! पाच गाड्या. रंगाऱ्याची गाडी म्हणजे न्हाणीघराचा टब, त्याला चार चाकं. आवाजच्या गाडीला इंजिन नव्हतं, पण सायलेन्सर दोन होते. वहिनी हेल्मेट काखेत धरून ओरडत होत्या, "मागच्या वर्षीसारखं कोणी कोणाच्या गाडीत केळ्याची सालं टाकू नका! मेल्यांनो, लग्नं झाली तुमची!"

काचवाला आला, माझ्यामागे बसला. मी आरशात त्याच्यावर नजर ठेवून होते. त्याने दांडा हातात घेतला, सहज जरासा मागे घेतला, पुढे सोडला. मग आरशात माझ्याकडे पाहिलं. क्षणभर जास्तच पाहिलं. तो वाकला आणि बुटांच्या नाड्या आवळल्या.

"तयार?" त्याने विचारलं.

"तू?"

"मी तयारच आहे हो. तुम्ही सांभाळा."

वहिनींनी शिट्टी मारली.

पहिल्याच उतारावर आवाजच्या गाडीचं मागचं चाक सुटलं आणि त्याच्या पुढे धावायला लागलं. "अरे थांब! थांब!" आवाज स्वतःच्याच चाकाला ओरडत होता. एक गाडी भाजीच्या हातगाडीत घुसली, आकाशात कोबी उडाले. पंक्चरवाल्याचा ब्रेकवाला इतका घाबरट होता, की त्यांची गाडी जागची हललीच नव्हती, आणि वहिनींचा नवरा मागे वळून त्याच्या बोटांवर चापट्या मारत होता. रंगाऱ्याचा टब मात्र माझ्यापुढे. टबामागे मी. वारा कानात शिरला, डोळ्यांतून पाणी, मनात हेल्मेट दिसायला लागलं… हेल्मेट काय, मला मशीनच दिसत होती.

वळण आलं. मी सवयीने डोळे मिटले.

"डोळे उघड!"

तो पहिल्यांदा मला अगंतुगं करत होता. मी डोळे उघडले. टब उलटा झाला होता, रस्त्यात आडवा, आणि रंगारी त्याच्याशेजारी बसकण मारून स्वतःचा गुडघा चोळत होता. मधे जागा होती ती माझ्या गाडीएवढी. तीही नव्हती.

"ब्रेक!" मी किंचाळले. "ब्रेक ओढ! ओढ ना!"

आणि किंचाळताना मला आठवलं.

दोन जाड बूट माझ्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आदळले. खर्रर्र करून आवाज झाला, रबर जळल्याचा वास, धूर. त्याचे दोन्ही हात माझ्या कमरेभोवती आवळले आणि त्याची हनुवटी माझ्या खांद्यात रुतली. "उजवीकडे," तो दात आवळून म्हणाला, "आता… उजवीकडे." मी वळवलं, डोळे सताड उघडे ठेवून. रंगाऱ्याने गुडघे पोटाशी घेतले. आम्ही त्याच्या नाकासमोरून गेलो, वखारीच्या भुशाच्या ढिगाला घासून, भुसा उडवत, आणि रेघेच्या पलीकडे जाऊन थांबलो.

पहिले.

लोक धावत आले. वहिनी धापा टाकत उतारावरून आल्या आणि त्यांनी हेल्मेट माझ्या मांडीवर ठेवलं. मग त्या काचवाल्याकडे वळल्या.

"ब्रेक शाबूत होता?"

त्याच्या बुटांचे तळवे उरलेच नव्हते. एका टाचेतून रक्त येत होतं. आवाज लंगडत, चाक खांद्यावर घेऊन पोचला होता आणि गिधाडासारखा बघत होता. काचवाल्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

"होता," तो म्हणाला. "मीच घाबरून पाय टाकले."

हेल्मेट माझ्या मांडीवर. काकींची मशीन म्हणजे आता माझीच. फक्त गप्प बसायचं होतं.

आणि मला काय वाटलं, ते सांगते. कृतज्ञता वगैरे काही नाही. मला वाटलं, हा उद्या हे मला ऐकवत राहणार. जन्मभर. 'तुझ्यासाठी खोटं बोललो' म्हणून. मामाचं 'घरचीच आहेस' आणि ह्याचं 'तुझ्यासाठी', वजन सारखंच. असला दोर मी गळ्यात घालून घेणार नाही.

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. "हूक मी काढला होता. काल. हे घ्या तुमचं हेल्मेट."

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. हेल्मेट शेवटी पंक्चरवाल्याला मिळालं. त्याची गाडी तासाभराने खाली पोचली, पण पोचली. आवाज अर्थातच म्हणाला, "मला वाटलंच होतं!" मला पुढच्या वर्षी बंदी. मी निघाले.

मागून अनवाणी पावलं. पावलांचा आवाज नव्हताच, पण मला कळलं.

"कुठे चाललात?"

"काकींना सांगायला. मशीन नको म्हणून. आणि तू मागे येऊ नकोस."

तो आला. मी दहा पावलांनी थांबले आणि गर्रकन वळले.

"तुला माहीत होतं! सुरुवातीलाच दांडा ओढून पाहिलास. माहीत होतं ना?"

"हो."

"मग वहिनींना का नाही सांगितलंस? मी बाद झाले असते."

"म्हणून नाही सांगितलं."

"मग उतरायचंस! बिनब्रेकच्या गाडीत मरायला कशाला बसलास?"

"तुम्ही उतरणार नव्हतात," तो म्हणाला. जणू एवढं स्पष्ट होतं, की मी विचारावं याचंच त्याला नवल वाटलं.

"आणि काल आवाजसमोर मान हलवलीस ती?"

"त्याच्यासमोर नाही म्हटलं तर तो अजून तासभर बोलतो. दुकान बंद करायचं होतं मला."

हे मी मानलं का? अर्धं मानलं. अर्धं हातात धरून चालत राहिले.

उन्हं कलली होती, आणि काकींच्या दारात टेम्पो उभा होता. दोन हमाल मशीन उचलून चढवत होते. काळी, जड, तिच्या चाकावर अजून ऊन चमकत होतं. काकींनी मला पाहिलं, माझे रिकामे हात पाहिले, आणि डोळे पुसले. टेम्पो गेला. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. आता हा म्हणणार, दुसरी मिळेल. म्हणणार, जे होतं ते चांगल्यासाठी. मी वाटच बघत होते, म्हणजे एक थोबाडीत देऊन मोकळी होते.

तो काहीच म्हणाला नाही.

"बोल की काहीतरी," मी ओरडले.

"काय बोलू… गेली मशीन. चांगली होती."

मी रडले. रस्त्यात, भर उजेडात, नाक ओढत. तो बाजूला उभा होता, रस्त्याकडून मला आडोसा होईल असा. हात लावला नाही त्याने. मग म्हणाला, "मला तुम्ही आवडता."

"ही वेळ आहे?"

"नाही. पण तुम्ही म्हणालात ना, बोल काहीतरी. माझ्याकडे एवढंच होतं."

मी ओढणीने तोंड पुसलं. "कधीपासून? पहिल्या दिवसापासून, असं सांगू नकोस."

"छे! पहिल्या दिवशी तर तुमचा रागच आला होता. लाथ घातलीत." तो विचारात पडला. खरंच विचारात, कपाळाला आठ्या घालून. "नक्की नाही सांगता येत… कधीतरी मधेच."

मी त्याच्याकडे बघत राहिले. थाप मारायची असती, तर त्याने दिवस सांगितला असता. पाऊस सांगितला असता, काच सांगितली असती. त्याच्याकडे ते सगळं होतं आणि त्याने काही वापरलं नाही.

"मामाकडे मी उद्यापासून जाणार नाही," मी म्हटलं. "मशीन येईपर्यंत हाताने शिवीन. तुझ्या दुकानासमोरचा अर्धा ओटा रिकामा असतो. भाडं किती?"

"भाडं कसलं… तुम्ही आता—"

"'घरचीच आहेस' म्हणालास तर याद राख!"

तो थांबला. गिळला शब्द. मग त्याने भाडं सांगितलं. चांगलं सणसणीत सांगितलं, लुटारूसारखं.

"अरे, वेड लागलंय का तुला? त्या ओट्यावर दुपारी ऊन येतं!"

"सकाळी नाही येत."

"निम्मं देईन."

"निम्म्यात नाही परवडत. दुकानदार आहे मी."

आम्ही रस्त्यात उभं राहून भांडलो. तो एका पैशाने हटेना, मी हटेना. आणि भांडता भांडता मी त्याचा चिकटपट्ट्या लावलेला हात हातात घेतला, हे माझ्याही लक्षात आलं नाही.

त्याच्या आलं. तो भाडं विसरला.

"चल," मी म्हटलं. "आधी ती टाच धुवायला हवी. भाव वाटेत ठरवू."